काउंटरखाली कोणतं पुस्तक ठेवावं: आयपी, एनएफआय, बीएनएफ की ब्रँडची यादी?

मिरजेत किंवा साताऱ्यात नवं मेडिकल टाकताना रॅक, फ्रिज आणि बिलिंगच्या सॉफ्टवेअरचा हिशेब आधी होतो. पुस्तकाचा विचार इन्स्पेक्शनच्या आदल्या आठवड्यात. डी.फार्म.ला सगळ्या ‘कम्पेंडिया’ची, म्हणजे औषधांच्या प्रमाणग्रंथांची, नावं आणि सालं पाठ केलेली असतात, पण गिऱ्हाईक समोर उभं असताना त्यातलं काय उघडायचं हे कुणी शिकवत नाही. म्हणून हा आढावा. माझा कल कुठे आहे ते वाचताना कळेलच.

आधी इंडियन फार्माकोपिया, म्हणजे आयपी. पहिली आवृत्ती १९५५ची. गाझियाबादचं इंडियन फार्माकोपिया कमिशन ती काढतं, आणि १९४०च्या औषध कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टामुळे तिला कायद्याचं बळ आहे. स्ट्रिपवर ‘पॅरासिटामॉल टॅब्लेट्स आयपी ५०० मिग्रॅ’ छापलं, की गोळीतलं औषध छापील मात्रेच्या ९५ ते १०५ टक्क्यांत, म्हणजे सरासरी ४७५ ते ५२५ मिग्रॅ असलं पाहिजे. तेही फक्त कारखान्यातून निघताना नाही, एक्स्पायरीच्या तारखेपर्यंत. औषध ओळखायचं कसं, मोजायचं कसं, अशुद्धी किती चालेल, साठवायचं कसं, हे सगळं तिच्यात आहे. ‘दादा, ही जेवणाआधी का नंतर?’ याचं उत्तर नाही. ते तिचं कामच नव्हे.

तरी आयपीची भाषा समजणाऱ्याला काउंटरवर फायदा होतो. विद्राव्यतेचे शब्द घ्या. ‘स्पेअरिंगली सोल्युबल’ म्हणजे एक भाग औषधाला ३० ते १०० भाग द्रव, ‘स्लाइटली सोल्युबल’ म्हणजे १०० ते १०००. परीक्षेत ही जोडी हमखास उलटी लिहिली जाते. पॅरासिटामॉल पाण्यात पहिल्या वर्गात बसतं, म्हणजे ५०० मिग्रॅला १५ ते ५० मिली पाणी हवं. ५ मिलीच्या चमच्यात गोळी विरघळत नाही, नुसती फुटते, आणि तळाला चिकटलेला चुरा म्हणजे पोटात न गेलेला डोस. चमचा पुन्हा पाण्याने विसळून पाजायला सांगायचं ते यासाठी. पण लहान मुलांच्या ड्राय सिरपमध्ये पाणी घातल्यावर बाटली किती दिवस चालेल हे शोधायला गेलात, तर आयपी म्हणते लेबलवर दिलं असेल तसं. लेबल आपल्या हातातच असतं.

इथे एक गोष्ट आडवी येते, ती म्हणजे पाटी. १९४५च्या नियमांनुसार चिठ्ठीवरून औषध तयार करून देण्याची सोय नसेल, तर ‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ लिहायचं. ‘फार्मसी’ किंवा ‘डिस्पेन्सिंग केमिस्ट’ लिहायचं असेल तर शेड्यूल एन लागतं आणि त्या यादीत उपकरणांबरोबर पुस्तकंही आहेत: आयपी आणि नॅशनल फॉर्म्युलरी ऑफ इंडिया (एनएफआय), दोन्हींची चालू आवृत्ती, शिवाय कायद्याची पुस्तकं. तशी पाटी लावणार असाल तर निवड तुमच्या हातात नाही, दोन्ही घ्या. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

‘फॉर्म्युलरी’ शब्दाचा घोळही आताच मिटवू. अमेरिकेच्या यूएसपी-एनएफ या औषधमानकांच्या जोडग्रंथातला एनएफ हा मुख्यतः पूरक घटकांच्या, म्हणजे स्टार्च, लॅक्टोज वगैरेंच्या मानकांचा ग्रंथ आहे. आपली एनएफआय आणि ब्रिटनची बीएनएफ (ब्रिटिश नॅशनल फॉर्म्युलरी) ही औषध वापरायचं कसं ते सांगणारी पुस्तकं. नाव एकच, जात वेगळी.

बीएनएफ उत्तमच आहे. छापील पुस्तक दर सहा महिन्यांनी नवं येतं, आणि त्यातल्या क्रमांक दिलेल्या सूचना अतिशय कामाच्या आहेत. २१ नंबर म्हणजे जेवणासोबत किंवा जेवणानंतर लगेच. २३ म्हणजे रिकाम्या पोटी: जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. अशा दहाबारा सूचना मराठीत लिहून काचेखाली सरकवल्या तर मदतनीस पोराचंही काम सोपं होतं. अडचण एवढीच की पुस्तक ब्रिटनच्या बाजारासाठी लिहिलेलं आहे. आपल्याकडे पॅरासिटामॉलचं सिरप ५ मिलीत १२० किंवा १२५ मिग्रॅ, डबल पॉवरचं २५० मिग्रॅ, आणि ड्रॉप्स सहसा १ मिलीत १०० मिग्रॅ. दहा किलोच्या बाळाला किलोमागे १५ मिग्रॅने १५० मिग्रॅ द्यायचं तर १२५च्या सिरपचे ६ मिली, २५०च्या सिरपचे ३ मिली, ड्रॉप्सचे मात्र दीडच मिली. आईने ड्रॉप्स सिरपसारखे चमच्याने ५ मिली पाजले तर पोटात ५०० मिग्रॅ जातं, तिपटीहून जास्त. इथल्या बाटल्यांच्या ताकदी पुस्तकात औषधाच्या नावाखालीच असल्या तर बरं, आणि एनएफआयमध्ये उपलब्धतेचं वेगळं कलमच आहे.

राहिली ब्रँडची यादी, मग ती छापील असो वा फोनमधली. खरी लढत तिच्याशीच आहे, कारण ती प्रत्येक मेडिकलमध्ये असते आणि चिठ्ठीही ब्रँडच्या नावानेच येते. कंटेंट आणि किंमत दोन सेकंदांत मिळते. मला तिचा जाच होतो तो शेपटांचा. अॅसिडिटीच्या गोळीमागे ‘डी’ लागला की उलटी-मळमळ थांबवणारं डॉम्पेरिडोन, ‘डीएसआर’ म्हणजे तेच पण सावकाश सुटणारं, कॅल्शियममागचा ‘डी’ मात्र व्हिटॅमिन. बीपीच्या गोळीत ‘एएम’ म्हणजे अॅम्लोडिपिन, ‘एच’ म्हणजे लघवी वाढवणारं औषध. डायबेटिसच्या ‘एम१’, ‘एम२’मधला आकडा ग्लिमेपिराइडचा, आणि ‘एम’ मेटफॉर्मिनचा. यादी प्रत्येक नाव सुटं दाखवते, त्यामुळे एकच औषध तीन नावांनी आलं तर ते तिच्यात दिसतच नाही.

मिरजेत हे रोजचं आहे. अथणी-जमखंडीकडून आलेला पेशंट हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन येतो: अॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉल, सकाळ-संध्याकाळ. खिशात गावच्या डॉक्टरांनी दिलेली तापाची ६५०ची गोळी, दिवसातून तीनदा. वर सर्दीची गोळी मागतो, तीही तीनदा. तिन्हींत पॅरासिटामॉल आहे, आता त्याची बेरीज करा: ३२५ दुणे ६५०, ६५० त्रिक १९५०, आणि सर्दीच्या गोळीत ५०० धरलं तर १५००. एकूण ४१०० मिग्रॅ. प्रौढ माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, आणि किरकोळ अंगाच्या किंवा रोज पिणाऱ्या माणसाला तीही जास्तच. तिन्ही ब्रँड यादीत नीट सापडतात, धोका कुठल्याच पानावर नसतो. एनएफआय मूळ औषधाच्या नावाने लावलेली असल्यामुळे तिन्ही गोळ्यांचे रस्ते एकाच पानावर येतात. मात्रा, कुणाला द्यायचं नाही, काय जपायचं, दुष्परिणाम, साठवण, सगळं तिथेच. माझ्यापुरता निकाल इथे लागला.

तिच्यात खोटही आहे. ब्रँडचं नाव एकही नाही, म्हणून आधी स्ट्रिप उलटून बारीक अक्षरातला कंटेंट वाचावा लागतो. सवय नसेल तर संध्याकाळच्या गर्दीत हे जिवावर येतं. आणि आवृत्त्यांची चाल बेभरवशाची: पहिली १९६०ची, तिसरी १९७९ची, चौथी यायला २०११ उजाडलं. सहावी २०२१ची आहे, म्हणजे त्यानंतर बाजारात आलेलं औषध त्यात शोधू नका. तिथे पेटीतलं माहितीपत्रक वाचा किंवा डॉक्टरांना फोन करा. दुकान सिव्हिल किंवा मोठ्या हॉस्पिटलच्या दारात असेल आणि रोज नवनवी कॅन्सरची, हृदयाची इंजेक्शनं हाताळायची असतील, तर बीएनएफकडे झुकणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही.

साध्या गल्लीतल्या मेडिकलला मात्र एनएफआय काउंटरखाली आणि ब्रँडची यादी फोनमध्ये, एवढं पुरावं. क्रम तेवढा पाळायचा: फोनमध्ये ब्रँडचं नाव, त्यावरून कंटेंट, मग पुस्तकातलं पान, आणि पेशंटच्या पिशवीतल्या बाकीच्या स्ट्रिप्सही काउंटरवर मांडून घ्यायच्या.