क्रोमोली फ्रेम, एक पावसाळा आणि नसलेलं छिद्र

फ्रेमला वॉरंटी आहे, गंजाला नाही, असं सर्व्हिसवाल्याने ऐकवलं म्हणून लिहायला बसलोय. कंपनीचं नाव घेत नाही. ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील), बजेटमधली टूरिंग सायकल, म्हणजे सामान लादून लांब फिरायची.

घेताना त्याच किमतीची अ‍ॅल्युमिनियमची सायकल किलो-दीड किलोने हलकी होती. अ‍ॅल्युमिनियमचं वजन स्टीलच्या एक तृतीयांश, पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून नळ्या जाड कराव्या लागतात आणि बचत आटते. पॅनियरमध्ये (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्यांत) पंधरा किलो भरल्यावर त्या दीड किलोचं काय कौतुक! दिवेआगरहून परतताना ताम्हिणी घाट चढताना मात्र त्याचं कौतुक वाटलं.

‘स्टील धक्के गिळतं’ हे मीही सगळ्यांना सांगत फिरलो. नंतर ३२ मिमीचे टायर काढून ४०चे रुंद टाकले, हवा कमी ठेवली, तेव्हा कळलं की गिळणारे मुख्यतः टायर. पण श्रीवर्धनच्या अलीकडे मागच्या कॅरिअरचा आयलेट (तो फ्रेमला जोडायची कडी) तुटला, तो ग्रिल बनवणाऱ्याने गॅसवर पितळ ओतून जागच्या जागी जोडून दिला. ६०६१ जातीचं अ‍ॅल्युमिनियम असतं तर वेल्डिंगच्या आजूबाजूची ताकद गेली असती. ती परत आणायला हीट ट्रीटमेंट लागते. ती कोकणात कुठे शोधणार?

आता मूळ दुखणं. बॉटम ब्रॅकेटच्या शेलला (पेडलचा आस ज्यात बसतो ती फ्रेमची तळाची आडवी नळी) पाणी निघायला खाली छिद्रच नाही! पाणी सीटपोस्टच्या (सीटच्या दांड्याच्या) खाचेतून आत उतरतं आणि तिथेच साठतं. पावसाळ्यानंतर कटकट वाजायला लागलं, उघडलं तर चहाच्या रंगाचं पाणी बाहेर. सर्व्हिसवाला म्हणे, तुम्ही पाइपने धुतली असणार. बरं, छिद्र पाडू का? तर वॉरंटी जाईल. म्हणजे पाणी साठलं तरी वॉरंटी नाही, काढलं तरी नाही. कारखान्यात एका ड्रिलचं काम, तेही वाचवलं.

शेवटी गल्लीतल्या मेकॅनिककडून बॉटम ब्रॅकेट काढून, आट्यांना धक्का न लावता शेलच्या मधोमध ५ मिमीचं छिद्र पाडून घेतलं. गंजू नये म्हणून आतून अळशीचं डबल बॉइल्ड तेल फिरवलं. रंगाच्या दुकानात मिळतं, स्वस्त आहे.

क्रोमोली परवडत असेल तर घ्याच, पण दुकानात आधी सायकल उलटी करून खाली छिद्र आहे का बघा. स्टिकरवर नुसतं ‘स्टील’ असेल तर बहुधा हाय-टेन, म्हणजे स्वस्तातलं जड स्टील. त्यापेक्षा अ‍ॅल्युमिनियम बरं. आणि सीटपोस्टला कंपनीने ग्रीस लावलेलं नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट स्टीलमध्ये एकदा अडकला की हलत नाही, तेव्हा घरी आणल्याआणल्या ते काम उरका.