अंगणवाडीतलं गाणं: स्पीकरवर की खंजिरीवर?

आमच्या अंगणवाडीत 3 ते 6 वर्षांची 22 लेकरं. मोबाइलला स्पीकर जोडला की चाल पक्की, सूर पक्का. ज्या ताईला गायचा संकोच वाटतो, तिला तर मोठाच आधार. एवढं त्याचं मान्य.

पण स्पीकरवरचं गाणं लेकरासाठी थांबत नाही. परवा चार वर्षांची एक पोर टाळी देताना मागं पडली, गाणं पुढं निघून गेलं आणि तिनं हात फ्रॉकात लपवले. दुसऱ्या दिवशी मी खंजिरी घेतली. तिच्या हातांकडे बघत ठेका धरला. ती अडली तिथं थांबले, ती आली की पुढं निघाले. तिसऱ्या खेपेला तिची टाळी अन् माझी थाप एकत्र पडली, तेव्हा काय हसली पोर!

खंजिरी शोधायला लांब जावं लागत नाही. तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळं ती आपल्याकडं भजनी मंडळात असतेच. भुलाबाईची गाणी आज्यांना तोंडपाठ आहेत. कोजागिरीच्या आधी एखाद्या आजीला बोलवावं, लेकरं मांडीला मांडी लावून ऐकतात.

एक मात्र सांभाळावं. आपल्या खालच्या पट्टीत लेकरं नुसती पुटपुटतात, म्हणून सूर जरा वर धरावा.

मी तरी रोज खंजिरीच घेईन. स्पीकर ठेवीन तो नवी चाल आधी मला घरी बसवून घ्यायला.