धनुष्य की टेबल? घरगुती फोम कटर करण्याआधी

गरम तारेचा कटर घरी करायचा म्हटलं की सगळे आधी तारेबद्दल विचारतात. तार नायक्रोमची (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू, वीज सोडली की तापतो), 28 गेज जाडीची घ्या, विषय संपला. खरा प्रश्न सांगाड्याचा आहे. हातात धरायचं धनुष्य करायचं, की तार उभी बांधून फोम तिच्यावर सरकवायचं टेबल? माझ्याकडे दोन्ही आहेत.

धनुष्याची बाजू कमकुवत नाही. तीन लाकडी पट्ट्या, दोन बोल्ट, वायर. एका संध्याकाळचं काम. शीट केवढीही मोठी असो, अडत नाही. आणि मॉडेल विमानाचे पंख कापायचे असतील तर धनुष्याला पर्यायच नाही. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना पंखाच्या छेदाचे सनमायकाचे साचे लावायचे आणि तार त्यांच्या कडेवरून ओढत न्यायची. एका टोकाचा साचा लहान असेल तर निमुळता पंखही येतो. हे टेबलावर जमत नाही.

पण मी जास्त करून इमारतींची मॉडेलं करतो, आणि तिथे मला धनुष्याच्या एका गोष्टीने वैताग आणला. झोळ. तार तापली की लांब होते. मीटरभर तार दोनशे अंशांनी तापली तर वाढते जेमतेम तीन मिलिमीटर. ऐकायला काहीच नाही. पण ताण नसेल तर तेवढ्यानेच मधोमध तीनेक सेंटिमीटर झोळ पडतो. मग होतं असं, की दोन्ही टोकं आखलेल्या रेघेवरून कोपऱ्यात वळतात आणि तारेचा मधला भाग अजून मागेच रेंगाळत असतो. वरून बघाल तर कोपरा सुरेख, ठोकळा फोडून आत बघा, गोलाई. दोन ठोकळे चिकटवले की मध्ये फट. स्प्रिंग लावून, जुन्या करवतीसारखा दोरीचा पीळ देऊन हे बरंच कमी होतं, नाही असं नाही. ज्यांचा हात स्थिर आहे त्यांना कदाचित जाणवणारही नाही. मला जाणवतं.

टेबलात हा प्रश्न वजनाने सुटतो. तार वरच्या दांडीला बांधायची, सनमायका लावलेल्या प्लायच्या भोकातून खाली काढायची (भोकात वॉशर बसवा, नाहीतर लाकूड जळतं) आणि खाली दोन-चार मोठे नट लटकवायचे. तार कितीही वाढो, नट तेवढेच खाली उतरतात, ताण तोच. गुण्या लावून तार एकदा काटकोनात आणली आणि कडेला सरळ पट्टी क्लॅम्प केली, की कापायला फारसं कसब लागत नाही. दांडीच्या लांबीपलीकडे शीट आत जात नाही, ही मर्यादा आहेच. शिवाय जागा अडते.

विजेच्या बाबतीतही टेबल मला सोपं वाटलं. 28 गेज नायक्रोमचा रोध मीटरला साधारण 10 ओहम. चाळीस सेंटिमीटर तारेला जुन्या कॉम्प्युटरच्या एसएमपीएसचा (आतल्या पॉवर सप्लायचा) 5 व्होल्ट पुरतो, सव्वा अँपिअर जातो. मीटरभर धनुष्याला 12 व्होल्ट लागतात. तेच 12 व्होल्ट छोट्या तारेला दिले की ती लाल होते, फोम कापण्याऐवजी वितळून खाते आणि धूर काढते. मेनवर, म्हणजे घरच्या विजेवर, नुसता डिमर (दिवा मंद करायचा रेग्युलेटर) लावून तार तापवायचा उद्योग मात्र कुणी करू नये. डिमर व्होल्टेज कमी करतो, मेनपासून वेगळं करत नाही. उघड्या तारेला हात लागला तर संपलं.

पंख किंवा मोठे पुतळे करायचे असतील तर धनुष्यच करा. बाकीच्यांनी, माझं ऐकाल तर, थोडा जास्त वेळ घालून टेबल करावं. कापायचं ते थर्माकोल किंवा निळं-गुलाबी एक्सपीएस (थर्माकोलपेक्षा घट्ट फोमची शीट), खिडकी उघडी ठेवून. सनबोर्ड (पीव्हीसी फोमची शीट) आणि गादीचा फोम या तारेजवळ नेऊ नका, त्यांचा धूर विषारी असतो.