कोर्टाजवळचं भाषांतराचं दुकान आणि एक अडलेला शब्द

बेळगावात कोर्टाजवळच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर अण्णांचं भाषांतर-टायपिंगचं दुकान आहे. शेताचा उतारा कन्नडात येतो आणि घरातल्या म्हाताऱ्यांना तो मराठीत हवा असतो, म्हणून आमच्या गावची माणसं ही माडी चढतात. सासऱ्यांच्या वाटणीचे कागद मीही इथंच करून घेतले होते. या खेपेला काम वेगळं होतं.

आमच्या बायकांच्या वाचक गटात एकीनं विचारलं होतं, ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचे माजी नेते जेरेमी कॉर्बिन जन्मभर वंशवादाविरुद्ध बोलले, तरी तिथला ज्यू समाज त्यांच्यावर एवढा का रागावला? तिथल्या समानता आणि मानवी हक्क आयोगानं 29 ऑक्टोबर 2020 रोजी मजूर पक्षाबद्दल आणि त्यातल्या ज्यूद्वेषाबद्दल 130 पानांचा अहवाल दिला होता. त्याचा सारांश आणि कॉर्बिन यांचं त्याच दिवशीचं निवेदन मला मराठीत हवं होतं.

आधी फोनवरच्या एका ॲपवर करून बघितलं. त्यानं कॉर्बिन यांच्याकडून पक्षानं ‘चाबूक काढून घेतला’ असं लिहिलं! मूळ इंग्रजीत ‘व्हिप’ होतं, म्हणजे पक्षानं त्यांना संसदेतल्या आपल्या गटातून बाहेर काढलं. ज्यूंना मधूनच इस्रायली केलं. अण्णा त्यावर चिडलेच. ‘‘बाई, कोकणातले शनवार तेली, म्हणजे आपले बेने इस्रायली, 1948 मध्ये इस्रायल देश झाला त्याच्या कितीतरी आधीपासून ज्यूच होते की. ते काय परदेशी नागरिक? हा घोळ ठेवला तर तुमचा सगळा विषयच बुडाला.’’ बरोबर होतं त्यांचं. इस्रायल सरकारवर टीका कुठं संपते आणि ज्यू माणसाचा द्वेष कुठं सुरू होतो, यावरच तर सगळं भांडण होतं.

पण खरं काम एका वाक्यावर झालं. ॲपनं लिहिलं होतं, ‘समस्येचं प्रमाण नाट्यमयरीत्या सांगितलं गेलं.’ अण्णांनी मूळ इंग्रजी तीनदा वाचलं आणि लिहिलं, ‘विरोधकांनी आणि बऱ्याच माध्यमांनी राजकारणासाठी ते भयंकर फुगवून सांगितलं.’ त्याच निवेदनात ‘एक ज्यूद्वेष्टा असला तरी तो जास्तच’ असंही कॉर्बिन म्हणाले होते. मी घाईत ते गाळायला सांगितलं, तर अण्णा म्हणाले, ‘‘माणसाचं अर्धं बोलणं मी देत नाही.’’

ज्यूद्वेषाच्या तक्रारी खोट्या आहेत, बदनामीसाठी केल्या आहेत असं सुचवणं हाही छळाचाच प्रकार होता, असं त्याच अहवालात म्हटलं होतं. पक्षानं तीन प्रकारे समानता कायदा मोडला, तक्रारींच्या तपासलेल्या 70 प्रकरणांत 23 वेळा नेत्याच्या, म्हणजे तेव्हा कॉर्बिन यांच्या, कार्यालयातून आणि इतरांकडून गैर ढवळाढवळ झाली, हेही होतं. असा अहवाल आला त्याच दिवशी ‘फुगवून’ म्हटल्यावर पक्षानं त्यांना निलंबित केलं. त्याआधी 2018 मध्ये एक जुनं प्रकरण वर आलं होतं. लंडनमधल्या एका भित्तिचित्रात गरिबांच्या पाठीवर पट मांडून बसलेले सावकार होते, त्यात ज्यूंची जुनी विद्रूप व्यंगचित्रं दिसत होती. 2012 मध्ये कॉर्बिन यांनी चित्रकाराची बाजू घेतली होती. चित्र नीट पाहिलं नाही याचा खेद आहे, असं ते नंतर म्हणाले. 2018 च्या त्या मार्चमध्ये ज्यू माणसं संसदेसमोर ‘आता पुरे’ म्हणत उभी राहिली.

मी सव्वीस वर्षं सीमाभागातल्या मराठी शाळेत शिकवलं. कन्नड फॉर्म, घटणारा पट याबद्दल बोललं की ‘तुम्ही उगीच मोठं करताय’ हे कितीदा ऐकलंय. आमचं दुखणं आणि साठ लाख माणसं गमावलेल्या समाजाचं दुखणं मी एका तराजूत घालणार नाही. पण आपली जखम केवढी हे बाहेरच्यानं सांगितलं की घशात काय अडकतं ते मला ठाऊक आहे. आमच्या गटात ‘फुगवून’ या एका शब्दावर पाऊण तास बोलणं झालं. कॉर्बिनना मानणाऱ्या दोघी होत्या; त्यांनीही ‘हे त्या दिवशी बोलायला नको होतं’ म्हटलं.

आता दुकानाचं. पानाला दीडशे रुपये, माझी अकरा पानं झाली. चार दिवस सांगून आठ दिवस लावले, हे मला आवडलं नाही. गटाची तारीख पुढं ढकलावी लागली. फाईल जुन्या फॉन्टमध्ये दिली, ती फोनवर उघडेना, म्हणून युनिकोडमध्येच द्या असं आधीच सांगा. जिना अरुंद आहे, म्हाताऱ्यांना वर नेऊ नका. खालून हाक मारली तर अण्णा स्वतः कागद घेऊन उतरतात. दुपारी दोन ते चार बंद.