मॉबएक्स: खालची बेरीज बरोबर, वरची ओळ शिळी

मॉबएक्स म्हणजे ॲपमधली माहिती बदलली की पडद्यावरचे आकडे आपोआप बदलून देणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी. माहितीचा क्लास (साचा) लिहायचा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे सुरुवातीच्या कोडमध्ये, मेकऑटोऑब्झर्व्हेबल (यातल्या बदलांवर लक्ष ठेव) म्हणायचं, कंपोनंट, म्हणजे पडद्याचा तुकडा, ऑब्झर्व्हरमध्ये (बदल झाला की तुकडा परत रंगवणारं वेष्टण) गुंडाळायचा, झालं. गेल्या दिवाळीच्या आधीपासून सहावी आवृत्ती रिॲक्टबरोबर (ॲपचे पडदे बनवायची लायब्ररी) वापरतोय. ॲप सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्या शेठचं आहे: ऑर्डर घ्यायची, चलन काढायचं, गोडाऊनमधला स्टॉक वजा करायचा. मार्चपर्यंत मी ज्याला त्याला हीच लायब्ररी घ्या म्हणून सांगत होतो. अजूनही सांगतो, पण आता एक अट घालून.

मार्चएंडच्या गर्दीत शेठचा फोन. "काय ओ सर, तुमचं ॲप खोटं बोलायलंय." जाऊन बघितलं. दिवाणजींनी नॅपकिनच्या ओळीवर टिचकी मारून 20 डझनाचे 25 केले होते. दर 720 रुपये. खालची एकूण रक्कम बरोबर 3,600 ने वाढली, पण वर ओळीत 20 डझन आणि 14,400 तसेच्या तसे. दिवाणजींनी कॅल्क्युलेटर घेऊन सगळ्या ओळी जोडल्या, ताळा जमेना, मग सरळ कागदी चलनबुक काढलं. गंमत म्हणजे यादी जरा वर-खाली सरकवली की ओळीतला आकडा आपोआप बरोबर. त्यामुळे मी समोर उभा असताना अर्ध्या वेळा घोटाळा दिसायचाच नाही, आणि शेठ माझ्याकडे बघायचे.

कारण असं. लांबलचक यादीसाठी फक्त दिसणाऱ्या ओळी रंगवणारी तयार यादी वापरली आहे. ओळ कशी काढायची याचं फंक्शन आपण तिला देतो आणि ती स्वतःच्या रेंडरमध्ये, म्हणजे पडद्यावर रंगवताना, ते चालवते. आता मॉबएक्स नोंद कशाची ठेवतं? ऑब्झर्व्हरचं रेंडर चालू असताना जे वाचलं जाईल त्याची. माझा पडदा ऑब्झर्व्हर होता, बेरजेचा कंपोनंटही होता, पण ओळीतला आकडा वाचला गेला यादीच्या रेंडरमध्ये, आणि यादी काही ऑब्झर्व्हर नाही. नोंदच नाही, तर बदल कळवणार कुणाला? ओळीचा वेगळा कंपोनंट करून त्याला ऑब्झर्व्हर लावला, की प्रश्न मिटतो. बदल पाच मिनिटांचा. शोधायला किती वेळ गेला ते विचारू नका, आणि पेट्रोल माझंच.

डॉक्युमेंटेशनमध्ये हे लिहिलेलं आहे, मान्य. पण माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे: काही म्हणजे काही बोलत नाही. कन्सोल (जिथे चुका दिसतात ती खिडकी) स्वच्छ, टाइपस्क्रिप्ट (कोड आधीच तपासणारी भाषा) खूश, ॲप चालू. हीच लायब्ररी एरवी किती बोलते बघा. बिलाचा मूळ क्लास करून त्यावरून जीएसटी बिल आणि चलन काढायला गेलो, तर मेकऑटोऑब्झर्व्हेबलने वारसा असलेला क्लास चालणार नाही म्हणून तिथल्या तिथे एरर दिली. मग मेकऑब्झर्व्हेबलमध्ये, म्हणजे त्याच्या हाताने भरायच्या भावात, एकेक फील्ड लिहीत बसलो. कंटाळवाणं, पण निदान कळलं तरी. अवेटनंतर, म्हणजे सर्व्हरच्या उत्तराची वगैरे वाट बघून झाल्यावर, थेट किंमत बदलली की ॲक्शनशिवाय बदल नको म्हणून वॉर्निंग, मग रनइनॲक्शनमध्ये गुंडाळा. लाइट गेल्यावर ऑर्डर हरवू नये म्हणून इंडेक्स्डडीबीमध्ये (ब्राउझरमधली साठवण) टाकायला गेलो, तर मॉबएक्सने माहितीभोवती घातलेल्या प्रॉक्सी नावाच्या आवरणाची कॉपी होत नाही म्हणून ब्राउझरनेच डेटाक्लोनएरर फेकली. टूजेएसने साधी माहिती करून दिलं, काम झालं. फुटकळ गोष्टीला एवढा आरडाओरडा, आणि गिऱ्हाइकाच्या बिलावर शिळा आकडा दिसतोय तेव्हा चिडीचूप.

इथपर्यंतचं लिहिलं तेव्हा पाचपैकी अडीच देणार होतो. मग कॉन्फिगरेशनचं पान नीट वाचलं. ऑब्झर्व्हेबलरिक्वायर्सरिॲक्शन नावाचं बटण, म्हणजे सेटिंग, आहे. ते चालू केलं की नोंद न होता कुठं काही वाचलं गेलं तर डेव्हलपमेंटमध्ये वॉर्निंग येते. जुना कोड चालवून बघितला, आणि नेमकी तीच यादी पकडली! कुरकुर जास्त करतं हे खरं, पडद्यावरचं एखादं बटण दाबल्यावर चालणाऱ्या कोडमध्ये नुसतं वाचलं तरी बोंबलतं. शिवाय ईएसलिंटचं (कोडमधल्या चुका दाखवणारं साधन) प्लगइन आहे, त्यात ऑब्झर्व्हर राहिला तर दाखवणारा नियम आहे. म्हणजे औषध घरातच होतं. पण मुळात बंद का ठेवलंय? नवीन माणूस ते पान मार खाल्ल्यावरच उघडणार.

तरी मी ही लायब्ररी काढून टाकलेली नाही, आणि त्याचं कारण पैसा. आधी सगळं एका कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे रिॲक्टच्या सगळ्यांच्या सामायिक पेटीत, होतं. एक अंक टाइप केला की सगळी यादी परत रंगायची आणि गोडाऊनमधले दोन जीबीचे जुने फोन गुदमरायचे. शेठ नवे टॅबलेट घ्यायच्या तयारीत होते. मॉबएक्स आल्यावर जी ओळ बदलली तेवढीच हलते. टॅबलेटचा खर्च वाचला, त्यातला थोडा मी माझ्या बिलात घातला. बेरीज, कर, शिल्लक हे सगळे क्लासमधले गेटर, म्हणजे मागितल्यावर मोजून मिळणारे आकडे. मॉबएक्स त्यांना काँप्युटेड (मोजलेलं) धरतं, त्यामुळे लागेल तेव्हाच मोजले जातात, आणि कुणी बघत असेल तोवर उत्तर जपून ठेवलं जातं.

दुसरी सोय माणसांची. कॉलेजातून येणाऱ्या पोरांना जावा येते. रेडक्स या दुसऱ्या अशाच लायब्ररीतले ॲक्शन (काय घडलं ते) आणि रिड्यूसर (त्यावरून माहिती बदलणारं फंक्शन) समजवायला वेळ जायचा. ऑर्डर नावाचा क्लास दाखवला की पोरगं दुपारपर्यंत कामाला लागतं. फक्त जुने व्हिडिओ बघू देऊ नका. त्यात सगळीकडे डेकोरेटर (फील्डच्या आधी @ लावून लिहायच्या खुणा) असतात, आणि 2020 च्या सहाव्या आवृत्तीपासून ती नेहमीची पद्धत राहिलेली नाही. नव्या पद्धतीचे डेकोरेटर 2023 मध्ये 6.11 पासून चालतात, पण त्यात ॲक्सेसर हा जादा शब्द लिहावा लागतो, म्हणजे जुना कोड जसाच्या तसा चिकटवला तर बसतोच असं नाही. (जाता जाता: मॉबएक्स करणारे मिशेल वेस्टस्ट्राटे यांनीच इमर ही लायब्ररीही केली, आणि ती रेडक्सच्या तयार संचाच्या, रेडक्स टूलकिटच्या, पोटात आहे. दोन्ही पंगतीत वाढपी एकच.)

पाचपैकी साडेतीन. ते बटण पहिल्यापासून चालू असतं तर साडेचार दिले असते. दोन-तीन पानांच्या साइटला हे घेऊ नका, रिॲक्टमध्येच असलेलं युझस्टेट पुरे. बिलिंग, स्टॉक असं आकड्यांत आकडे गुंतलेलं काम असेल तर जरूर घ्या, आणि पहिला क्लास लिहायच्या आधी कॉन्फिगरमध्ये ते बटण चालू करणारी एक ओळ टाका. तयार यादी, तयार टेबल, तयार पॉपअप, जिथे जिथे आपलं फंक्शन दुसऱ्याच्या हातात जातं, तिथं आतला तुकडा वेगळा ऑब्झर्व्हर करा. शेठच्या ॲपमधली अशी दोन टेबलं अजून तपासायची राहिलीत, ती या रविवारी.