‘दिसत नाही’ एवढ्यावर विकलेलं कानाचं मशीन

बाबांना नवीन म्हणून विकलेलं कानाचं मशीन आधी दुसऱ्या कोणीतरी वापरलेलं होतं. हे कळलं बऱ्याच दिवसांनी, दुसऱ्या एका ऑडिऑलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ मॅडमनी ते कॉम्प्युटरला जोडून पाहिलं तेव्हा. पण ते कोरं करकरीत असतं तरी बाबांच्या उपयोगाचं नव्हतं. त्यांच्या कानांना तो प्रकारच चालणारा नव्हता, आणि विकणाऱ्याला हे पहिल्या तपासणीतच दिसलं होतं. तुमच्या घरात कोणासाठी मशीन घ्यायचं चाललं असेल तर कृपया हे पूर्ण वाचा.

तपासणी मोफत होती. साधी खोली, दार उघडं, वर पंखा, बाहेर लोकांची ये-जा. बाबांच्या कानांवर हेडफोन चढवले, ‘आवाज आला की हात वर करा’ म्हणाले आणि थोड्याच वेळात उरकलं. ही तपासणी बाहेरचा आवाज आत न येणाऱ्या केबिनमध्ये करायची असते. पंख्याच्या घरघरीत हलके आवाज बुडतात आणि ऐकणं आहे त्याहून कमी असल्याचं दिसतं. हेडफोननंतर कानामागच्या हाडावर एक छोटा भाग टेकवून पुन्हा तपासतात. दोष नसेचा आहे की मळ, पडदा किंवा मधल्या कानाचा, हे त्यावरून ठरतं. ते केलं नाही. कानात डोकावून मळ आहे का एवढंही पाहिलं नाही. शब्द ऐकवून त्यांतले किती ओळखता येतात तेही तपासलं नाही. खरं तर मशीनचा उपयोग कितपत होईल, याचा अंदाज यायला त्या शब्दांची मदत होते.

मी ऑडिओग्राम, म्हणजे त्या तपासणीचा आलेख मागितला. उत्तर मिळालं, “ताई, रिपोर्ट सिस्टीममध्ये सेव्ह आहे. तुम्हाला त्यातलं काय कळणार?” आता मला कळतं, म्हणून सांगते. आडव्या रेषेवर 250 पासून 8000 हर्ट्झपर्यंत आवाजाच्या पट्ट्या असतात, म्हणजे जाड आवाजापासून बारीक आवाजापर्यंत; उभ्या रेषेवर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा ते. उजवा कान लाल गोलाने दाखवतात, डावा निळ्या फुलीने. खूण जितकी खाली, तितकं ऐकणं कमी. साधारण 40 डेसिबलपर्यंत दोष सौम्य, 70 च्या पुढे तीव्र आणि 90 च्या पुढे अतितीव्र. हा कागद तुमचा आहे. तो हातात न देता मशीन दाखवायला लागले, तर पैसे न देता उठा.

मग छोटी पेटी उघडली. आत शेंगदाण्याएवढं मशीन, कानाच्या नळीत पूर्ण जाणारं, ज्याला सीआयसी म्हणतात. “काका, समोरच्याला पत्तासुद्धा लागणार नाही. तुमच्या कानाच्या मापाचंच बनवून मागवतो.” बाबांचा चेहरा खुलला. चारचौघांत मशीन दिसू नये, एवढी एकच इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती आणि तिच्यावरच सगळा सौदा उभा केला गेला.

‘मापाचं’ हे पहिलं धडधडीत खोटं. मापाचं मशीन करायचं तर आधी कानाचं माप घ्यावं लागतं. त्यासाठी दोरा बांधलेला स्पंजाचा बारीक तुकडा नळीत ठेवतात, त्यावर मऊ लगदा भरतात, तो काही मिनिटांत घट्ट झाला की अख्खा साचा बाहेर काढतात. हल्ली काही ठिकाणी स्कॅनही करतात. बाबांच्या बाबतीत यातलं काहीच झालं नाही. त्यांना दिलं ते पुढे रबरी टोपी लावलेलं तयार मशीन, कोणाच्याही कानात जाईल असं. टोपी बदलली की ते नव्या गिऱ्हाइकाला नवीन म्हणून देता येतं. मॅडमनी नोंदी उघडल्या तेव्हा नेमकं हेच समोर आलं. बऱ्याच मशीनमध्ये रोज किती तास वापर झाला याची नोंद आपोआप होत राहते, तिला डेटा लॉगिंग म्हणतात. बाबांनी कंटाळून मशीन डबीतच ठेवलं होतं, आणि नोंद मात्र रोजच्या भरपूर वापराची दिसत होती. आधीच्या माणसाची नोंद पुसण्याचीही तसदी घेतली नव्हती.

विकताना जो डेमो देतात त्याबद्दल मुद्दाम लिहिते, कारण भलेभले त्यावर विश्वास ठेवतात. दार बंद, शांतता, विकणारा हातभर अंतरावर समोर बसलेला, सावकाश आणि खणखणीत बोलतोय. बाबा ओठ बघत होते. अशा वेळी मशीन नसतानाही त्यांना बरंच कळतं! तुम्ही डेमो घ्याल तेव्हा बोलणाऱ्याला पाठमोरं उभं करा. नळ सोडा. दोघांना एकदम बोलायला लावा. मशीन घालून रस्त्यापर्यंत जाऊन या. काही दिवस घरी वापरून पाहायला देतात का, हे विचारा, आणि देत असतील तर परत करण्याच्या अटी लेखी घ्या.

घरी पहिल्याच दिवशी शिट्टी सुरू झाली. बाबांनी घास चावला की शिट्टी, हसले की शिट्टी, उशीला कान लागला की शिट्टी. मशीनमधून निघालेला मोठा आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरला की असं होतं. सीआयसीमध्ये माइक आणि स्पीकर अगदी जवळजवळ असतात, त्यात टोपी सैल. आम्ही तक्रार घेऊन गेलो, त्यांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं आणि शिट्टी खरंच थांबली. बाबांना मात्र आता पूर्वीपेक्षाही कमी ऐकू येऊ लागलं, कारण दुरुस्ती म्हणजे आवाजच खाली आणला होता. मशीन म्हणजे कानात घातलेला कापसाचा बोळा झाला. वर ऐकवलं काय, तर “सवय व्हायला वेळ लागतो, काका.” सवयीला काही आठवडे लागतात हे खरंच आहे, मेंदूला विसरलेले आवाज पुन्हा ओळखावे लागतात. पण पुरेसा आवाज पोहोचतच नसेल तर सवय कशाची होणार?

सेल बदलणं हा आणखी एक छळ. पिवळ्या स्टिकरचा 10 नंबरचा सेल, व्यास सहा मिलिमीटरपेक्षाही कमी. बाबांची बोटं संधिवाताने आखडलेली. स्टिकर सोलायचं, मिनिटभर हवा लागू द्यायची, नखाने दार उघडून सेल सुलटा बसवायचा. हा सेल आठवडाभरही धड पुरत नाही. सेल खाली सांडला की बाबा गुडघ्यांवर बसून फरशी चाचपत राहायचे आणि कोणाला हाक मारायचे नाहीत. ते बघून मला विकणाऱ्याचा जितका संताप आला तितका पैशांमुळेही आला नव्हता. बोटं त्याला समोर दिसत होती.

वैशिष्ट्यांची यादीही भली मोठी होती: इतके चॅनल, एआय, नॉइज कॅन्सलेशन, ब्लूटूथ. चॅनल म्हणजे आवाजाचे किती भाग पाडून मशीन प्रत्येकावर वेगळं काम करतं तो आकडा. एका मर्यादेनंतर तो वाढवून कानाला फारसा फरक पडत नाही, आणि मशीनची ताकदच अपुरी असेल तर तो आकडा निरर्थक आहे. गोंगाट कमी करणाऱ्या सोयीने थकवा कमी होतो, पण गर्दीत शब्द कळायला खरी मदत दिशा ओळखणाऱ्या दोन माइकची होते, आणि नळीत जाणाऱ्या इवल्या मशीनमध्ये दोन माइकना सहसा जागाच नसते. ब्लूटूथ तर बाबांच्या मशीनमध्ये नव्हतंच. मॅडमनी मॉडेल तपासलं तेव्हा ते त्या मालिकेतलं सर्वांत खालचं निघालं. दोन्ही कानांचं सेटिंगही हुबेहूब एकच होतं, तपासणीत दोन कान वेगळे निघालेले असताना.

मॅडमनी केबिनमध्ये नव्याने तपासणी केली. उजवा कान 1000 हर्ट्झला 75 डेसिबल आणि 4000 ला 95. डावा थोडा बरा. सीआयसी सौम्य ते मध्यम दोषाला ठीक, इथे त्याचं काम नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाबांसाठी त्यांनी कानामागचं पॉवर, म्हणजे जास्त ताकदीचं मशीन सुचवलं, कानाच्या मापाच्या घट्ट मोल्डसह (कानात बसणारा भाग) आणि चार्जिंगवालं, म्हणजे सेलची कटकट गेली. मशीन बसवल्यावर कानात बारीक नळी सोडून पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो तेही मोजलं, याला रिअल इअर मेजरमेंट म्हणतात. आधीच्या ठिकाणी कोणी याचं नावही काढलं नव्हतं. असं पॉवर मशीन आणि घट्ट मोल्ड सगळ्यांना लागतात असं नाही. ज्यांचं खालच्या पट्टीतलं ऐकणं चांगलं आहे आणि फक्त वरच्या पट्टीत कमी आहे, त्यांना नळी घट्ट बंद केली तर स्वतःचाच आवाज घुमतो. त्यांच्यासाठी कानामागचं मशीन, पातळ वायर आणि छिद्रांची टोपी बरी. लहान मशीन वाईट नसतं. ज्याचा दोष हलका आहे, बोटं चालतात आणि कानात मळ फार होत नाही, त्याने ते खुशाल घ्यावं.

एक गोष्ट मात्र दुकानात जाण्याआधीची. एका-दोन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं, बाहेर आवाज नसताना एकाच कानात गुणगुण किंवा शिट्टी ऐकू येऊ लागली, कान वाहतोय, दुखतोय किंवा चक्कर येतेय, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर उपचार लवकर सुरू झाले तरच आशा जास्त असते, आणि तो वेळ मशीन निवडण्यात वाया जातो.

आम्ही लेखी तक्रार केली आहे. वापराच्या नोंदींच्या स्क्रीनचे फोटो आणि मॅडमचा अहवाल जोडला आहे. अडलं आहे ते बिलावर: त्यावर फक्त ‘श्रवणयंत्र, 2 नग’ असं लिहिलंय, आणि हे मशीन आम्ही दिलेलंच नाही असा पवित्रा आता विकणाऱ्याने घेतला आहे. वॉरंटी कार्डावर सिरियल नंबरची जागा कोरी आहे. तुम्ही घ्याल तेव्हा बिलावर कंपनी, मॉडेल आणि दोन्ही मशीनचे सिरियल नंबर लिहून घ्या, ते मशीनवरच्या बारीक अक्षरांशी तिथेच ताडून पाहा, त्या नंबरची वॉरंटी तुमच्याच नावावर सुरू झाली का ते कंपनीला थेट विचारा, आणि पैसे देण्याआधी वापराची नोंद शून्य असल्याचं स्क्रीनवर दाखवायला सांगा.