राष्ट्रपती : कोर्ट की संसद?

राजवाड्यावर चहा घेताना आमचे साताऱ्याचे वकीलमित्र ठासून सांगतात, राष्ट्रपतींची पात्रता असो वा हकालपट्टी, सगळं कोर्टाकडे द्या. मला अर्धंच पटतं.

वय 35 पूर्ण आहे का, लाभाचं पद, म्हणजे सरकारी पगाराचं पद, आहे का, हे कागदावर ठरतं. तिथं बहुमताचं काय काम? घटनेच्या कलम 71 नुसार राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद सुप्रीम कोर्टच ऐकतं. 1970 मध्ये राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी पदावर असताना, आपल्याच निवडीवरच्या खटल्यात, स्वतः साक्षीला गेले. निवड टिकली, ते सोडा. राष्ट्रपतींची उलटतपासणी झाली!

काढायचं मात्र संसदेनं. कलम 61 : आरोप घटनाभंगाचाच, दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांच्या दोन तृतीयांश मतं. सरपंचावरच्या अविश्वासासारखे सदस्य सहलीला न्यायचे, तर किती बस लागतील? पक्ष आडवा येतो, मान्य. अमेरिकेत महाभियोगात सिनेटनं, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहानं, आजवर एकाही अध्यक्षाला दोषी धरलेलं नाही. तरी खासदाराला पाच वर्षांनी गाठता येतं, न्यायाधीशाला कुठं गाठणार?